सानूरच्या पाण्यात बसलेल्या आज्या

इंडोनेशियातल्या सानूरच्या किनाऱ्यावर आज्या अंगावरच्या कपड्यांनिशी कमरेएवढ्या पाण्यात बसून गप्पा मारत होत्या, आणि माझा नुसता जळफळाट झाला. आमच्या मुरुडला आयांचं काम ठरलेलं: वाळूत उभं राहून सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या. ‘किनारा सर्वांचा’ अशी पत्रकं मी गावभर वाटली, पण माझीच आई कधी गुडघाभर पाण्यात गेली नाही. इथंही ती चपला धरून उभी!

“आई, चल ना.”

“काहीतरीच तुझं! लोक बघतील.”

तेवढ्यात एका आजीनं शेजारचं पाणी थोपटून तिला बोलावलं, आणि आई चक्क गेली. मला त्या आजीचाही हेवा वाटला.

“अगं, कोमट आहे पाणी!” आई ओरडली.

घरासमोरचं पाणी कोमट असतं की गार, हे मात्र तिला अजून ठाऊक नाही.