मॅडमनी न प्यायलेला गाहवा

मॅडमनी गाहवा दुसऱ्यांदाही न पिता तसाच खाली ठेवला. गाहवा म्हणजे इथली वेलदोडा घातलेली फिकी कॉफी. बिनकानाच्या छोट्या कपात दोन घोट ओततात. पुरे झालं की पाहुणा कप हलवतो, मग आपण थांबायचं. पण प्यायचाच नाही, हे काय?

माझं केटरिंग आहे. मी रत्नागिरीची, दोह्यात ओल्ड एअरपोर्टला राहते. शिकले ते सगळं लोकांच्या लग्नांतून. त्या दिवशी दोह्याबाहेर समैस्मा गावात अबू खालिद यांच्या व्हिलात लंच होता. हे इथले जुने व्यापारी. एकमेकांशी अवघडलेल्या माणसांना जेवायला बोलवायची त्यांना हौस. एका बाजूला मॅडम, म्हणजे युरोपातल्या एका देशाच्या राजदूत. समोर दुसऱ्याच एका देशाचे मंत्री. त्या देशाचं नाव नको. तिथे सरकारविरुद्ध चार ओळी लिहिल्या तरी माणूस आत जातो. मॅडमच्या सरकारला त्यांचा गॅस हवा होता.

आणि माझ्या किचनमध्ये समीरा. गोडाचं सगळं तीच बघते. तिचा नवरा शाळामास्तर, मंत्र्यांच्याच सरकारने तुरुंगात टाकलेला. साखरेचा पेशंट. किती महिने बोलणं नाही, औषध मिळतंय का तेही ठाऊक नाही. मी म्हटलं होतं, "आज तू सुट्टी घे गं."

"उम्म आसिफ, लुकैमात तुम्हाला जमत नाहीत." उम्म आसिफ म्हणजे आसिफची आई, मी. लुकैमात म्हणजे पाकातले तळलेले गोळे. आणि खरंच जमत नाहीत.

मॅडमना हे सगळं माहीत. त्यांच्याकडे पार्टी असली की किचनमध्ये येऊन समीराशी मोडकंतोडकं अरबी बोलत बसायच्या. त्या दिवशीही आधी आत आल्या, तिचा हात धरला. म्हणाल्या, "मला वरून ऑर्डर आहे. कैद्यांचा विषय मी काढायचा नाही." समीरा नुसती "कळतं" म्हणाली. मला राग आला, खोटं कशाला सांगू. एरवी मानवी हक्कांवर यांची भाषणं ऐकावीत.

तर तो कप. आमच्या लाइनमध्ये भरलेला कप गार झाला की उचलून ताजा द्यायचा. मी दिला. तोही त्यांनी ठेवून दिला. मी किचनमध्ये पळाले.

"समीरा, गाहवा चाखून बघ. जळला का?"

"का?"

"मॅडम पीत नाहीत. पुढ्यात ठेवून बसल्यात."

तिच्या हातातला झारा थांबला. "ठेवलाय? मग उचलू नका."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलीला मागणी घालायला आलेली माणसं असंच करतात, मी कितीदा पाहिलंय. कप न पिता ठेवला म्हणजे काहीतरी मागायचं आहे. यजमानाने विचारलं नाही तर त्यालाच कमीपणा. पण मॅडम हे करतील, असं मनातही आलं नव्हतं. आणि मी वेडी कप उचलत सुटले होते.

परत गेले तर अबू खालिद कपाकडेच बघत होते. मिशीत हसले. "मॅडम, गाहवा घ्या. काय काम आहे ते सांगा."

"विषय काढू नका, असं मला सांगितलंय," मॅडम सावकाश अरबीत म्हणाल्या. "पण यजमानांनी विचारल्यावर गप्प बसणं बरं नाही." मग त्यांनी मास्तरांचं नाव घेतलं. औषध आणि बायकोला फोन, एवढंच मागितलं.

मंत्री म्हणाले, "हा आमचा अंतर्गत मामला आहे."

"असेल," अबू खालिद म्हणाले. "पण तो आता माझ्या घरात आलाय, आणि पाहुणीचा गाहवा गार होतोय."

मंत्र्यांनी समोरची लुकैमातची बशी जरा बाजूला सारली. "फोनचं आणि औषधाचं बघतो. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," अबू खालिद म्हणाले. "कधी?"

"याच आठवड्यात."

मॅडमनी कप उचलला आणि रिकामा केला.

फोन आला, जरा उशिराच. समीरा आधी रडली. मग, गोळ्या वेळेवर घेतोस का, म्हणून तिने मास्तरांना असं झापलं की पलीकडच्या शिपायानेही ऐकलं असेल. मास्तर अजून आतच आहेत. गॅसचा करार झाला. मॅडमना वरून बोलणी खावी लागली.

मी शिकले ते एवढंच: ही मोठी सरकारं गॅसवर दिवसभर बोलतात. माणसाबद्दल बोलायचं असलं की मात्र आधी कुणीतरी त्यांना विचारायला लागतं.