थांबायची उडी

येळ्ळूरच्या आक्कांचं आधी सांगते, माझं मग. आमची भाड्याची खोली त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला आहे, म्हणजे त्या आमच्या घरमालकीण. पण त्यांची सारी नोकरी शाळेत खेळाच्या बाई म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी गेली, आवाज राहिला. सकाळी त्या म्हशीला ‘मागं सर’ म्हणाल्या की गल्लीतून जाणारा माणूसही दचकून बाजूला होतो. या आक्का नसत्या तर शहरातल्या कॅम्प भागातल्या बंगल्यातलं माझं काम कधीच गेलं असतं, आणि हवेत उडून हसणारी बाई तर मी जन्मात झाले नसते.

माझं गाव जालन्याकडचं. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं. नवऱ्याला उद्यमबागेत फौंड्रीत काम लागलं म्हणून आम्ही इतक्या लांब, सीमाभागात आलो. इथली मराठी मराठीच, पण तिचं वळण वेगळं. ‘काय करलालीस गं?’ असं आक्कांनी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा माझं काहीतरी चुकलं असं वाटून मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्या बिचाऱ्या नुसतं काय करतेस असं विचारत होत्या. त्यात बाजारात, बसमध्ये कानडी. मी मुळात घाबरट. न कळणारा शब्द कानावर पडला की मला तो माझ्यावरच ओरडल्यासारखा वाटायचा.

कॅम्पातलं कामही आक्कांच्याच ओळखीनं मिळालं. मॅडम दातांच्या डॉक्टर. साहेब तंबाखूच्या व्यापारात, आठवड्यातले बरेच दिवस निपाणीला. त्यांची मुलगी दुसरीत. दुपारी ती शाळेतून आली की तिला खाऊ घालायचं आणि मॅडम दवाखान्यातून येईपर्यंत तिच्याजवळ राहायचं, एवढंच काम. छोटी आईशी मराठी बोलायची, आजीशी फोनवर कानडी, आणि बाहुलीला रागवायची ते इंग्रजीतून.

एके दिवशी टेम्पोतून मोठाली खोकी आली. त्यांतून पाइप निघाले, अंगठ्याएवढ्या जाड स्प्रिंगा निघाल्या, काळं जाड कापड निघालं. बसवायला आलेल्या माणसांनी मागच्या अंगणात त्या सगळ्याची गोल खाट उभी केली आणि भोवती उंच जाळी लावली. ट्रॅम्पोलिन! छोटी टाळ्या पिटत होती, आणि खरं सांगते, माझ्याही पायांना खाज सुटली होती. लहानपणी मी घरातल्या बाजेवर उड्या मारायची तर आई ओरडायची, ‘लई उड्या मारू नको.’ बाज मोडेल म्हणून आधी ओरडायची. पुढं मी शाळेत जायचा हट्ट धरला, तेव्हाही तिनं हेच वाक्य वापरलं.

दुसऱ्या दिवशी छोटी त्यावर चढली. मी खाली उभी. ती उडाली, हसली, आणखी उंच उडाली, आणि मग तिचं हसणं बदललं. तिला थांबताच येईना. पाय टेकले की ते कापड तिला परत वर फेकायचं. ‘साकु! साकु!’ ती ओरडायला लागली.

साकु म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मला ये म्हणते आहे. मी चपला काढल्या, जाळीतून आत घुसले आणि तिला धरायला एक पाऊल टाकलं. माझं वजन त्या कापडावर पडलं मात्र, पोर चेंडूसारखी वर गेली आणि जाळीवर आपटली. जाळी होती म्हणून वाचली. दात ओठात रुतला होता, फ्रॉकवर रक्त.

संध्याकाळी मॅडमनी ओठ पाहिला. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. पण दुपारभर ती एकटी असते तुझ्याबरोबर. रविवारी मी घरी आहे. तिला ट्रॅम्पोलिनवर सांभाळणं तुला जमतंय का बघते. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

येळ्ळूरच्या बसमध्ये बसले. हे काम लागायच्या आधी मी खोलीत दिवसभर भिंतीशी बोलायची. नवरा म्हणाला होता, ‘करमत नसेल तर तू गावाकडं राहा, मी इथं राहतो.’ काम गेलं की तीच बॅग, तीच परतीची गाडी. मला परत जायचं नव्हतं. नवऱ्यासाठी नव्हतं जायचं आणि, आता सांगायला हरकत नाही, त्या काळ्या कापडासाठीही नव्हतं जायचं.

आक्का ओसरीत शेंगा फोडत होत्या. मी सगळं सांगून रडले.

“साकु म्हंजे कानडीत पुरे गं, पोरी!” त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. “ती पुरे म्हणलाली, आन् तू आणखी वाढलीस!”

मग त्यांनी सूप ओढलं. त्यात मूठभर शेंगा आणि एक बत्ता ठेवला आणि सूप झटकलं. बत्ता जागचा हलला नाही, शेंगा उडून ओसरीभर झाल्या. “ह्यो बत्ता तू. शेंगा म्हंजे ती. जड माणूस हललं की हलकं उडतंय. म्हणून एका येळंला एकच, आईबाप असू दे न्हायतर भाऊबहीण. समजलं? आता शेंगा गोळा कर.”

मॅडमना फोन करून परवानगी घेतली आणि दुसऱ्या दिवशी आक्का माझ्याबरोबर बसनं कॅम्पात आल्या. मला वाटलं, लगेच उड्या. कसल्या! आधी त्या ट्रॅम्पोलिनभोवती फिरल्या, हातानं एकेक स्प्रिंग ओढून पाहिली, स्प्रिंगांवरची जाड गादी एका बाजूला सरकली होती ती नीट बांधायला लावली. वर बघून म्हणाल्या, “ही चिकूची फांदी कुणाच्या डोळ्यात घालायची हाय?” कपडे वाळत घालायची तारही जवळच होती. माळ्याला हाक मारून आम्ही तिघांनी ती खाट अंगणाच्या मोकळ्या, सपाट भागात सरकवली. छोटी पायरीवर बसून कंटाळली.

“आता मावशी शिकेल, मग तू,” आक्का तिला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “आन् हातात काय हे? बांगड्या काढ. जोडवी काढ. डोक्यातल्या पिना काढ.”

“आक्का, बांगड्या कशा काढू? आई म्हणते, मोकळे हात…”

“तुझी आई जालन्याला हाय. काच तुझ्या मनगटात शिरंल. काढ.”

“मंगळसूत्र?”

“ते बी. नवऱ्याला फोन लाव, जित्ता हाय का इचार, मग चढ.”

हसू नका, मी खरंच फोन लावला. मागं फौंड्रीचा धडधडाट. मी विचारलं, “बरे आहात ना?” तो ओरडला, “व्हय, का गं?” मी म्हटलं, “काही नाही,” आणि सगळं डब्यात ठेवून अनवाणी वर चढले.

“आता थांब,” आक्का म्हणाल्या.

“मी उडालेच नाही अजून.”

“म्हणूनच. आधी थांबायची उडी. हळू एकदा उड, पाय टेकल्याबरोबर गुडघं मोड, खुर्चीत बसल्यागत. हात म्होरं. कापड वर ढकलतंय ते गुडघ्यात जिरव.”

पहिल्यांदा मी लटपटले. दुसऱ्यांदा गुडघ्यांवर पडले आणि छोटी खदखदून हसली. मग केव्हातरी ते जमलं. खालून येणारा तो धक्का गुडघ्यांत शिरला आणि तिथंच विरला, उकळी फुटलेलं दूध गॅस बंद केल्यावर खाली बसावं तसा. मी उभीच्या उभी राहिले. “आक्का! थांबले!” मी अशी ओरडले की शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं.

त्यानंतर खरी उडी. पाय खांद्याइतके फाकवून मधोमध उभं राहायचं, नजर पायाकडं नाही तर समोरच्या कडेवर, हात खालून वर. दोन्ही पाय एकदम टेकायचे. उगाच उंचीच्या मागं लागायचं नाही, जिथून उडालो तिथंच उतरायचं. आणि कोलांटी? “नाव काढलंस तर बघ,” आक्का म्हणाल्या. “ते शिकवायला येगळी माणसं असत्यात. मी बी शिकवत न्हाय.”

मी उडाले. पंजाबी ड्रेसचा घेर फुगला, पोटात गुदगुल्या झाल्या, कंपाउंडच्या भिंतीपलीकडचा रस्ता एक क्षण दिसला आणि गेला. परत दिसला! एक सायकलवाला माझ्याकडं बघत होता. परत गेला! मला इतकं हसू येत होतं की आक्कांनी दटावलं, “तोंड मीट, जीभ चावशील.” मी तोंड मिटलं तर हसू नाकातून यायला लागलं. संसाराला लागलेली बाई मी, आणि मला कुणी उडी मार म्हणून सांगत होतं!

मग छोटीची पाळी. तिलाही आधी थांबायचीच उडी. आक्कांनी नियम केला की ‘साकु’ म्हटलं की गुडघे मोडायचे, कुणीही म्हणो. मग गुडघे पोटाशी घेऊन उडी, मग बसकी उडी, म्हणजे पाय समोर सरळ करून बुडावर टेकायचं आणि परत उभं राहायचं. दमायच्या आधी खाली. उतरताना उडी मारायची नाही, कडेला बसून पाय सोडायचे. पुढचे दिवस आम्ही दोघी रोज तेच करत होतो, आळीपाळीनं.

रविवार आला. मॅडम खुर्ची टाकून बसल्या. साहेबही निपाणीहून आले होते. मी स्प्रिंगांवरची गादी पुन्हा तपासली. छोटीनं सुंदर उड्या मारल्या, बसकी उडी मारून उभी राहिली, आणि साहेब एकदम खूश! मोबाइल मॅडमच्या हातात देऊन, बूट काढून त्यांनी जाळीत पाय घातला. “थांब राणी, बाबा पण येतो! व्हिडिओ काढ गं.”

छोटी हवेत होती.

“साहेब, नाही! मागं सरा!”

माझा आवाज नव्हताच तो, आक्कांचा होता. साहेब एक पाय आत, एक पाय बाहेर असे थिजले. छोटीला मी ‘साकु’ म्हटलं आणि ती गुडघे मोडून जागच्या जागी थांबली. गेलं, मला वाटलं, मालकावर ओरडले, काम गेलं.

“का गं?” साहेबांनी विचारलं.

“तुमचं वजन पडलं की ती फेकली जाते, साहेब. सुपातल्या शेंगांसारखी. परवा माझ्यानं तेच झालं होतं.”

साहेबांनी आधी मुलीच्या ओठाकडं पाहिलं, मग हळूच पाय बाहेर काढला. “म्हणजे मी बत्ता,” ते म्हणाले. छोटीनं त्यांना सुपाची गोष्ट आधीच सांगितली होती वाटतं.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आता तू दाखव.”

मी बांगड्या काढल्या, पिना काढल्या, मंगळसूत्र काढलं, आणि चढणार एवढ्यात छोटी किंचाळली, “मावशी, जोडवी!” घाबरून विसरले होते. ती काढली. चढले. पहिल्या उडीपर्यंत भीती होती, दुसऱ्या उडीला ती कुठं गेली कुणास ठाऊक. मी उडत राहिले, मला थांबायचंच नव्हतं, पण मॅडमनीच ‘साकु’ म्हटलं आणि माझे गुडघे आपोआप वाकले. उभीच्या उभी.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. “उद्या तिची शाळा लवकर सुटते,” त्या म्हणाल्या. “वेळेवर ये.”

येळ्ळूरला उतरले ती पळतच घरी गेले. आक्कांनी माझं तोंड पाहिलं. “व्हय?” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, “व्हय!” मग पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, “गुडघं मोडून वाक, कंबर धरंल.”

आक्का कधी जालन्याकडं आलेल्या नाहीत. त्यांना एकदा मी माझ्या गावी नेणार आहे, थंडीत, हुरड्याच्या दिवसांत. गाडीत खिडकीची जागा त्यांची. शेतात घोंगडीवर बसवीन, आगटीतली गरम कणसं माझी आई चोळून त्यांच्या तळहातावर देईल, वर तिळाची चटणी. आणि त्या दिवशी आक्कांनी कुणाला काही शिकवायचं नाही, नुसतं खायचं. कधी जमेल ते सांगता येत नाही. पण नेणार, हा माझा शब्द.