गप लेकराचा शक

नाव : श्रीमती नागुबाई दगडोबा सोनकांबळे. पद : पाळणाघर मदतनीस (तात्पुरती), पाझर तलावाचे काम, रोजगार हमी योजना. तालुका : निलंगा. जिल्हा : उस्मानाबाद हे छापील नाव खोडून त्यावर लातूर असा जांभळा शिक्का. वय : अंदाजे पंचेचाळीस. शिक्षण : निरंक. वर्तणूक : समाधानकारक. कर्तव्ये : कामावरील मजूर स्त्रियांच्या बालकांचा शारीरिक, बौद्धिक व भावनिक विकास साधणे, तसेच कोणताही भेदभाव न करता सर्व बालकांस वेळोवेळी पिण्याचे पाणी पाजणे.

सदर विकास साधण्यासाठी तिला एक बाभळ देण्यात आली होती.

बाभळीच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांचे झोके टांगलेले, बुडाशी पाण्याचा माठ, आणि माठाशेजारी बौद्धवाड्यातलीच नागुबाई. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र मागच्याच पानावरून पुढं चालू होता. त्यानं बौद्धवाड्यातल्या बाया आणि वरच्या गल्लीतल्या सुना एकाच खड्ड्यात उतरवल्या होत्या, त्यामुळं त्यांची लेकरंही एकाच झाडाला लटकली होती. बाया माती वाहता वाहता मान वळवून बाभळीकडं बघत. बौद्धवाड्यातल्या आपलं लेकरू रडतंय का ते बघत. वरच्या गल्लीतल्या, आपल्या लेकराला पाजायला नागुबाई माठाला हात लावते का ते.

नागुबाई या सगळ्यांकडं बघे. माणसावर एकदम भरवसा ठेवण्याची सवय तिला नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात ती माहेरी भोकरला होती, तिथं खडी फोडायला जाई. तिच्या शेजारच्या बाईनं लेकरू झोपावं, कामात अडथळा नको म्हणून त्याला मोहरीएवढी अफू चाटवली. लेकरू दिवसभर शहाण्यासारखं झोपलं. दिवस मावळताना उठवायला गेले तर उठलं नाही. तेव्हापासून रडणारं लेकरू नागुबाईला खुशालीचं वाटे. गप लेकरू दिसलं की तिला शक येई.

आणि रुद्राणीची बसम्मा फार गप होती.

रुद्राणी वरच्या गल्लीतली, ईश्वरप्पाची बायको. ईश्वरप्पा हैदराबादेकडं कामाला गेलेला, घरात सासू, आणि पदरात ही आठ महिन्यांची पोर. रोज सकाळी रुद्राणी कामावर आली की आधी झुडपाआड जाई, कनवटीची वाटी-चमचा काढून पोरीला काहीतरी पाजी, तोंड पुसे, आणि मग झोपाळलेली बसम्मा झोक्यात ठेवून निघे. नागुबाईच्या नजरेला नजर देत नसे.

नागुबाई पोरीच्या तोंडाचा वास घेई. पापणी वर करून बघे. पोर गुबगुबीत, मान धरलेली, पाठ ताठ. जागी असली की बोटं धरायची, तोंडाकडं टक लावून बघायची, गोड हसायची. पण एकदा झोपली की झोपली. टेकाडापलीकडं सुरुंग उडाला की बाकीची लेकरं दचकून एका सुरात भोकाड पसरत. बसम्माचा झोका तेवढा हलत नसे.

एक दिवस सुरुंग उडाला, झोके किंचाळले, आणि नागुबाई उठून थेट मुकादमाकडं गेली. मुकादम महादेवप्पा, ईश्वरप्पाच्या भावकीतला.

"मालक, रुद्राणी पोरीला अफू घालून राहिली."

महादेवप्पानं हातातली बिडी विझवली. "नागुबाई, तोंड सांभाळ. सबूत हाय का?"

"सबूत झोक्यात झोपलाय. जाऊन उठवून बघा."

रुद्राणीला बोलावलं. बाकीच्या बाया न बोलावता आल्या.

"यव्वा! अफू?" रुद्राणीच्या हातातली पाटी गळाली. "जायफळ हाय ते. जायफळ, हिरडा, मुरुडशेंग. सासूबाई उगाळून देतात."

"मग झुडपाआड कायला पाजती? आमच्या नजरेनं जायफळ नासतं?"

"सासूबाईनं सांगितलं... पोट भरून, झोपवूनच देत जा. म्हणजे पोर तिथं काही मागणार न्हाई..." आणि रुद्राणी मधेच थांबली.

पुढचं वाक्य सगळ्या बायांनी मनात पुरं केलं. कुणी पदर सावरला, कुणी टिकावाकडं बघितलं.

"पाणी मागणार न्हाई, असं म्हण," नागुबाई म्हणाली. "एवढंच ना? मग तसं सांगायचं की, बाई. मी खामखा अफूचा शक घिऊन बसले."

कोण तरी फिसकन हसली. पण नागुबाईचं समाधान झालं नव्हतं. विटाळ खरा म्हणून अफू खोटी ठरत नाही; एका घरात दोन्ही सुखानं नांदू शकतात.

"उद्या गुटी न्हाई," तिनं सांगितलं. "अंगावर पाज आन् जागी पोर माझ्याजवळ दे. सुरुंग उडू दे. रडली तर मी भर कामावर तुझी माफी मागते."

"आन् न रडली तर?" महादेवप्पानं विचारलं. उत्तर त्यानंच दिलं. "तर रुद्राणी, परवापासून तू घरी. अफूचं लेकरू माझ्या कामावर नको. काही झालं तर नव्या जिल्ह्याचा पहिला पंचनामा माझ्या नावावर व्हायचा."

घरी बसणं रुद्राणीला परवडणारं नव्हतं. चूल तिच्याच मजुरीवर पेटत होती. तरी ती म्हणाली, "बघा. माझ्या मनात काळं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी बसम्मा टक्क जागी, नागुबाईच्या मांडीवर. रुद्राणी समोर उकिडवी, बाजूला महादेवप्पा, मागं बाया. पोर मजेत होती. नागुबाईच्या हातातली हिरवी बांगडी तिला फार पसंत पडली होती. ती दोन्ही हातांनी ओढून तोंडात घालायचा प्रयत्न चालला होता. पलीकडून "हुश्शार!" अशी हाळी आली.

सुरुंग उडाला. झोक्यांतली लेकरं किंचाळली. महादेवप्पा स्वतः दचकला.

बसम्मानं पापणीसुद्धा हलवली नाही. ती बांगडी चाटत होती.

"बघितलं?" रुद्राणी आनंदानं ओरडली. "जागी हाय, धडधाकट हाय! ह्या पोरीला अफू घातलीय म्हणं! रडली न्हाई, कारण माझी पोर भित्री न्हाई."

महादेवप्पाही सुटल्यासारखा हसला. "हाव, मिटलं मग. चला, कामाला लागा."

 अफूचा शक खोटा निघाला होता, आणि नागुबाई मनातल्या मनात तो परत मागत होती. अफू बंद करता येते.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "माफी मागते. आता एक कर, रुद्राणी. माझ्या मागं ये. पोरीला दिसू नको. हाक मार."

"कायला?"

"मार तर."

रुद्राणी मागं गेली. "बसम्मा!" पोर बांगडीत दंग. "ए बसव्वा! माझी बाय!" तिचा आवाज चढत गेला, चिरकला. शेवटी नागुबाईनं स्वतःच्या जेवणाची जर्मनची ताटली उचलली आणि पोरीच्या डोक्यामागं दगडावर आपटली. बाया दचकल्या. पोर नाही.

मग रुद्राणी पुढं आली. आईचं तोंड दिसताच बसम्मा बोळकं पसरून हसली.

  रुद्राणीनं पोर हिसकावून घेतली. "तूच काही केलंस. तुझ्या झोक्यात आल्यापासून..." वाक्य तिचं तिलाच पुरं करवेना.

सासूनं ते घरी पुरं केलं. नागुबाईची नजर लागली, हात लागला, वारं लागलं; जे जे लागू शकतं ते सगळं लागलं. अंगारा आला, लिंबू आलं. दोन दिवस रुद्राणी कामावर आली नाही. नागुबाई बाभळीखाली बसून प्रत्येक लेकराच्या डोक्यामागं ताटली आपटत राहिली. बायांनी तक्रार केली, की लेकरं झोपत नाहीत. "मंग बरंय," नागुबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहाटे रुद्राणी पोरीला घेऊन बौद्धवाड्याच्या तोंडाशी उभी होती. आत येईना, परतही जाईना.

"नांदेडला कानाचा डॉक्टर हाय म्हणं," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "तुमाला ठाव हाय का?"

नागुबाईच्या भावाचा कान फुटला होता तेव्हा ती तिथं गेली होती. तिनं फिरकीचा तांब्या भरला आणि निघाली. वाटेत तिच्या एवढंच ध्यानात आलं, की ही आज 'तुमाला' म्हणाली. ह्यात काय डाव आहे, याचा ती उदगीर येईपर्यंत विचार करत होती.

डॉक्टरांनी बसम्माला बराच वेळ तपासलं. ऐकू येत नाही, म्हणाले, बहुधा जन्मापासूनच.

"गुटीनं झालं का?" रुद्राणीनं विचारलं.

"नाही."

"नजरेनं?"

"नाही. बाकी वाढ चांगली आहे. हसते कुणाकडं बघून?"

"माझ्याकडं," दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकमेकींकडं रागानं बघितलं.

डॉक्टर हसले नाहीत. "कान बंद आहेत म्हणून डोकं बंद नाही. ती डोळ्यांनी आणि हातांनी शिकून राहिलीय, आत्ता या वयातच सगळ्यात जास्त. समोर या, तोंड दाखवून बोला, अंगाला हात लावत जा. तिला उगाच झोपवून ठेवू नका. जितकी जागी, तितकी बरी."

झोपवून ठेवू नका, हे ऐकताना रुद्राणीनं मान खाली घातली. नागुबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

परतीला उदगीरच्या स्टँडवर गाडी थांबली. ऊन रणरणत होतं. बसम्मा कुरकुरायला लागली, ओठ चाटायला लागली. रुद्राणीच्या पिशवीत वाटी होती, चमचा होता. नागुबाईला ते दिसत होतं. रुद्राणीनं पिशवीत हात घातला, तसाच बाहेर काढला आणि पोर नागुबाईच्या मांडीवर दिली.

"मावशी, पाजा तिला."

नागुबाईनं आधी रुद्राणीकडं बघितलं, मग पिशवीकडं. बघण्यासारखं आणखी काही उरलं नाही, तेव्हा तिनं तांब्याची फिरकी काढली, पोरीच्या समोर तोंड नेलं, मोठ्यानं "पाणी" म्हणाली, आणि पाजलं.

त्या दिवशी मस्टरवर नागुबाईची गैरहजेरी लागलेली आहे.