पहिल्या कंदाच्या आधी

चोपड्याकडच्या कौतिकनानांची बोलण्याआधी कान खाजवायची सवय साऱ्या गावाला पाठ. एकदा खाजवला तर हो, दोनदा तर नाही, आणि खाजवतच राहिले तर समजावं, म्हाताऱ्याच्या डोक्यात किडा शिरलाय. त्या दिवशी कान लालभडक झाला होता.

केळीसाठी खड्डे तयार होते, कंदांचा ढीग उन्हात, मजूर बांधावर. पण घरची रीत अशी, की पहिला कंद नानांनी हात जोडून लावायचा. तोवर दुसऱ्या कुणी कंद लावायचा नाही. चाळीस वर्षं नाना डोळे मिटून देवाला सांगत आले, "तू लावा, तसाच मी लावस." म्हणजे तू जग लावलंस, तसाच मी कंद लावतो. यंदा हात जुळले, पण तोंड उघडेना. देवापुढे खोटं बोलायचं कसं?

कारण नात ऋतिका, बारावी सायन्स, आदल्या दिवशी जेवताना बोलून गेली होती, "नाना, विश्व कुणी लावलं-बिवलं नाही. सगळं एका ठिपक्याएवढं होतं, ते पसरलं."

आता नानांनी तिलाच रानात बोलावून घेतलं.

"तो ठिपका कथाइन उना? केळले बिया नहीत. हाऊ कंद त्यानी माय-केळना, ती केळ तिनी मायनी. आसं मांगे मांगे जा. पह्यला कोनी लावा?"

"ठिपका कुठून आला, ते विज्ञानालाही अजून माहीत नाही, नाना."

"माहीत नही?" नानांचा हात कानावरच थबकला. "मंग काल येवढा ठसकामा काबर सांगत व्हतीस?"

"पसरतंय ते मोजलंय हो. त्याच्या आधीचं नाही मोजता येत." ऋतिका पुटपुटली.

बांधावरून मजूर चिंधा ओरडला, "नाना, जगनं मांगून पाहू. आठे कंद वाळी ऱ्हायनात."

"मी तं घर जास," मजुरांतल्या कुंदाबाईंनी पदर खोचला. "देव भेटी गया का हाक मारा."

नाना दोन येरझाऱ्या घालून खड्ड्याशी उकिडवे बसले. हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले.

"देवा, तू लावा का नही, माले माहीत नही. तिनी सायन्सलेबी माहीत नही. लावा व्हई तं सांग."

कंद खड्ड्यात ठेवला, माती ओढली. मजूर उठले, कुदळी वाजू लागल्या. दर वर्षी एवढं करून नाना सावलीत जायचे. यंदा ते तिथंच उभे.

"काय बोलना देव?" कुंदाबाईंनी विचारलं.

"आजून काहीच नही," म्हणत नानांनी दुसरा कंद उचलला.