मुकादमाचा भंडारा

मुरुमच्या डाळमिलचा मुकादम रामलिंग याला संशय यायला कारण लागत नसे. कामावरची बाई हसली तर का हसली, गप्प बसली तर का गप्प बसली, आणि सुट्टी मागितली तर विषयच संपला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा गडी पाणीसुद्धा फुंकून प्यायचा, आणि त्याचं तोंड कधी पोळल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

मालक चन्नबसप्पा यांनी माणसं ठेवणं-काढणं त्याच्यावरच सोडलं होतं, कारण त्याची एक रीत होती. काही चोरीला गेलं की येरमाळ्याच्या येडाईदेवीच्या देवळातून आणलेली भंडाऱ्याची पुडी तो फळीवर सोडायचा आणि ज्याचा संशय त्याला म्हणायचा, "उचल, आन म्हण म्या न्हाय नेलं." येडाईची खोटी शपथ घ्यायची छाती कुणाची? ज्याच्या मनात पाप तो हात लावत नसे, दुसऱ्या दिवशी कामावरही येत नसे. आपल्यासारखा न्याय कोर्टातही होत नाही, असं रामलिंग मनापासून समजत होता.

यंदा तूरडाळीची पोती कमी भरू लागली. डाळ निवडायला बसणाऱ्या बायकांत नीलम्मा नवी. पदर घट्ट खोचून बसायची, कुणाशी फारसं बोलायची नाही, आणि काम सुटलं की सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेर. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा वारलेला, चूल हिच्या एकटीच्या मजुरीवर. रामलिंगला मात्र तिची घाई तेवढी दिसली.

एका दुपारी त्यानं सगळ्यांसमोर तिच्यापुढं पुडी सोडली. नीलम्मानं हात मागं घेतला.

"आज न्हाय, मुकादम. चार दिसांनी उचलते."

"चार दिसांत देवी बदलती का?"

पोत्यांवर बसलेले हमाल हसले. नीलम्मा काहीतरी बोलणार होती, पण त्या हसणाऱ्या गड्यांकडं बघून तिनं मान खाली घातली. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या.

"उद्यापासून येऊ नको," रामलिंग म्हणाला. चोर सापडला म्हणून त्या दिवशी त्याला जेवणही गोड लागलं.

पुढं दोनेक दिवसांनी त्याची बायको धुरपदाबाई भावाकडं परंड्याला गेली. दिवेलागणीला सून निकिता देवघराच्या बाहेरूनच म्हणाली, "मामा, आज दिवा तुमीच लावा. मला शिवता येत न्हाय."

रामलिंगनं काडी ओढली आणि बोट पोळेपर्यंत तशीच धरून बसला. आईच्या, बायकोच्या, लेकीसुनांच्या घरात उभा जन्म गेला, आणि चार दिवस म्हणजे कोणते चार दिवस ते हा शहाणा हमालांपुढं विचारत होता. त्याला लाज वाटली. पण संशय काही इतक्या लवकर मरत नाही. खरंच अडचण होती की बहाणा, हे बघायला ते दिवस सरल्यावर तो पुडी घेऊन नीलम्माच्या घरी गेला.

ती सासूला पेज भरवत होती. तिनं हात धुतले, पुडीकडं बघितलं.

"उचलते की. पर आधी तुमी उचला. मिलमधनं काय बी नेलं न्हाय म्हणा."

रामलिंगला हसू आलं आणि तोंडातच विरलं. डाळ भरडल्यावर उरणारी चुणी तो कित्येक वर्षं पिशवीत भरून आपल्या म्हशीला नेत होता. कुणाला विचारलं नव्हतं. ती चोरी आहे असं त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं. आता पुडी समोर होती आणि हात काही पुढं जाईना.

मग नीलम्मानं चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला, "म्या न्हाय नेली डाळ," एवढंच म्हणाली आणि पुन्हा सासूजवळ जाऊन बसली.

रामलिंग तिथून थेट मालकाकडं गेला. "अण्णा, नीलम्माला परत घ्या. म्या तिला उगं काढलं."

"मग डाळ कोण नेतंय?"

"ठाव न्हाय. पर चुणी म्या नेतो. लई वर्सं झाली."

चन्नबसप्पा त्याच्याकडं बघत राहिले. ती नजर रामलिंगच्या ओळखीची होती. जन्मभर त्यानं ती दुसऱ्यांवरच टाकली होती.

"मग म्या बी उद्यापासून येऊ नको का?"

"असं कसं, मुकादम," मालक म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "तिला निरोप धाडतो. पर तुमी आधी बसा. तुमचं म्हणणं ऐकल्याबिगर कसं काढू?"

रामलिंग बसला. नीलम्माला बस असं कुणी म्हटलं नव्हतं.