भासऱ्यांच्या बोटाची शाई

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, कुहीत राहतात. निवडणूक आली की गावाची सगळी अक्कल आपल्याकडेच ठेवायला दिली आहे, अशा थाटात ते वावरतात. मेन रोडवर त्यांचं सिमेंट-पाइपांचं दुकान आहे. संध्याकाळी दुकानापुढच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं जमतात आणि हवा कोणाची आहे ते भासरे सांगतात. ज्याच्या गाड्या जास्त फिरतात त्याची हवा, एवढंच त्यांचं राजकारण. पण सांगताना डोळे असे मिटतात, की जणू दिल्लीहून आताच फोन येऊन गेला.

एकदा कपाट आवरताना मला तीन पक्षांचे तीन दुपट्टे सापडले. तिन्ही इस्त्री केलेले. जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे वं. कोणता कधी लागंल, सांगता येत नाही." त्या गंमत करत नव्हत्या.

आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहतो, पण आमची मतं कुहीत होती. घरचं मत घरीच राहावं, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. म्हणून विधानसभेच्या मतदानाला आम्ही सकाळीच कुहीत पोचलो. धानाची कापणी जोरात होती, बाया विळे घेऊन शेताकडे निघाल्या होत्या. भासरे खुर्चीवरून एकेकीला अडवत होते. "पहिले मत दे, मंग धान काप. मत देत नाही आन् मंग रोडाले खड्डे आहेत म्हणून बोंबलता काहून?" बाया पदर सावरून मान हलवत पुढे जात. रोजी बुडाली तर ती भासरे देणार नव्हते.

जाऊबाई आणि मी शाळेत जाऊन मत देऊन आलो. रांग मोठी होती, उन्हाने डोकं दुखायला लागलं. आलो तेव्हा भासरे तिथेच बसलेले, तेच भाषण चालू. जेवण झाल्यावर मत देऊन येतो म्हणून ते मोटरसायकल घेऊन गेले आणि आम्ही भांडी घासून उठेपर्यंत परतही आले. एवढ्यात त्यांच्या उमेदवाराची पोरं फोटो काढायला आली. भासऱ्यांनी दुपट्टा घातला, बोट वर केलं, हसले.

समोरचा टेलर खुर्चीवर बसला होता. तो म्हणाला, "भाऊ, शाई त डाव्या हाताले लावते. तुमच्या उजव्याले कशी?"

भासरे म्हणाले, "गर्दी होती गा. त्या मॅडमनं समोर आला तो हात धरला."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या डाव्या बोटाला शाई होती आणि प्रत्येकजण डोलत होता. टेलरही. भासऱ्यांपेक्षा मला त्या माना जास्त खुपल्या. उधारीवर सिमेंट मिळतं म्हणून माणूस आपल्याच बोटावरचा विश्वास सोडतो.

ते पाणी प्यायला आत आले तेव्हा मी कणीक मळत होते. जाऊबाईंनी त्यांचा हात धरून बोट निरखलं.

"हा पाइपावर नंबर टाकायचा मार्कर होय."

भासऱ्यांनी हात सोडवून पाण्याचा तांब्या उचलला.

"अजून टाइम आहे. जाऊन या ना."

"लाइन पाहिली का तू? आपला माणूस तसाही निवडून येऊनच राहिला. एका मतानं काय होते?"

भासऱ्यांशी तोंडावर बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी कणीक मळत राहिले. पण ज्या माणसासमोर इतकी वर्षं पदर घेतला, तो एवढासा असावा याची मला किळस आली.

त्यांचा माणूस निवडून आला. भासरे गुलालाने माखून मिरवणुकीत नाचले. मग बसस्टँडपाशी बॅनर लागलं: जागरूक मतदार म्हणून भासरे, आणि उजव्या हाताचं ते बोट केळ्याएवढं. पुढे एका कार्यक्रमात मतदार जागृतीसाठी त्यांना शाल आणि नारळही मिळाला. मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्हाला लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "मोठे आहेत, जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही. माझं मत कोराडीला आणलं. नवऱ्याचंही आणायला लावलं.

मग नगरपंचायतीची निवडणूक आली आणि भासरे स्वतः उभे राहिले. जाऊबाईंना घेऊन कोराडीला आले, सोफ्यावर बसून नवऱ्याला म्हणाले, "दोघंही मतदानाले येजा. घरचे मतं पहिले पाहिजेत."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मीच बोलले. "आमची मतं आता इथं आहेत. मीच बदलवून घेतली."

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याशी थेट बोलत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता चहा संपवला. उठताना नवऱ्याला म्हणाले, "हिले राजकारण समजत नाही." ते गाडीकडे गेले, तेव्हा जाऊबाई चपला घालत दारात थांबल्या.

"मी जाईन मत द्याले," त्या हळूच म्हणाल्या. "यांले देणार नाही."

भासरे पडले. वाईट पडले. निकाल मला जाऊबाईंनी फोनवर सांगितला. मागून भासऱ्यांचा आवाज येत होता. हे गाव कोणाचंच नाही, या लोकांसाठी किती केलं, असं कोणाला तरी सांगत होते. मला वाटलं होतं, त्या वेळी तरी दया येईल. नाही आली.