करंजवाड्याचे पाटील

“पाटील नको सांगू, पाटीलना आत कोण शे ते सांग.”

रुपचंद आबांचं हे वाक्य आमोदऱ्यात लोक अजून एकमेकांना ऐकवतात, निम्मं चेष्टेनं, निम्मं धाकानं. आमोदरे धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना फाट्यावरून आत पडतं. दीडशे घरं, त्यातली एकशेतीस पाटलांची. मतदारयादी उघडली की एकच शब्द पानभर खाली उतरत जातो, भिंतीवरच्या ओलीसारखा. पण पाटील हे वरचं नाव. त्याच्याखाली कुळ असतं, कुणाचं पवार, कुणाचं साळुंखे, कुणाचं देवरे. ते कागदावर येत नाही. लग्न जुळवतानाच बाहेर निघतं. पाटलाला पाटील चालतो. पवाराला पवार चालत नाही, कारण एका कुळातली मुलं भाऊबहीण. आमोदऱ्याचे सगळे पाटील पवार. आबाही पवारच.

आबा एसटीत कंडक्टर होते. धुळे आगारात नोकरीला लागले तेव्हा तिकिटांची पेटी गळ्यात आणि पंच हातात असायचा. तिकीट फाडता फाडता ते उतारूला गाव विचारत, मग घर, मग कुळ, आणि उतारू उतरेपर्यंत त्याच्या मामाचंही कुळ त्यांना ठाऊक झालेलं असे. लिहून काहीच ठेवलं नाही. चाळीस गावांचे पाटील त्यांच्या डोक्यात वेगवेगळे उभे होते. एकदा भर मांडवात नवऱ्याकडचे स्वतःला देवरे म्हणवत असताना आबांनी फक्त एवढंच विचारलं की पोरांची जावळं कोणत्या देवीला काढता. उत्तर आलं, आणि ती देवी पवारांची होती. ते पवार निघाले. त्या दिवसापासून आमोदऱ्यात आबांना विचारल्याशिवाय सुपारी फुटेना. माणसाला अशी जागा मिळाली की तो तिच्यावर बसून राहतो. आबाही बसले.

सत्त्याण्णवच्या वैशाखात त्यांना न विचारता एक सुपारी फुटली. मुलगी त्यांच्याच भाऊबंदातली, पुष्पा, एकवीस वर्षांची. मुलगा ललित, जामनेरच्या गिरधर गुरुजींचा. आबा आठवडाभर ड्युटीवर होते. परत आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला की आपण घरी नसताना एवढी कसली घाई होती. दुसरा प्रश्न केला तो मूळ गावाचा. करंजवाडे, असं कळलं.

चार दिवसांनी गुरुजी मुलाला घेऊन आले. ओट्यावर सतरंजी टाकली होती. गुरुजींनी आपलं कुळ साळुंखे असं तीनदा सांगितलं. आबांनी तीनदा मान हलवली. करंजवाडे त्यांच्या गाडीच्या रस्त्यावर होतं, अमळनेरच्या अलीकडे. तिथल्या प्रत्येक उंबऱ्याचं तिकीट त्यांनी फाडलं होतं.

“गुरुजी, करंजवाडे बठ्ठं पवारसनं शे,” ते म्हणाले. “लगीन जमाडासाठे कुळ बदलता येत नही.”

सगळं करंजवाडे पवारांचं आणि लग्न जमवण्यासाठी गुरुजींनी कुळ बदललं, असा तो आरोप होता. गुरुजींनी तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेलं. माझं कुळ मला हा कंडक्टर सांगणार का, एवढंच ते म्हणाले, आणि ओट्यावरचं कुणीही त्यांच्या बाजूनं बोललं नाही. एकाच नावाची दोन गावं आहेत हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजींना आपलं करंजवाडे माहीत होतं, जामनेरच्या पलीकडचं. आबांना आपलं.

फुटलेल्या सुपारीचं काय करायचं? जाणत्यांनी तोड काढली. पोरगी उजवून द्यायची तर गावाच्या तोंडाला कुलूप हवं. दोघं भाऊबहीण आहेत ना, मग सगळ्यांसमोर राखी बांधू द्या. गुरुजी रागानं उठून उभे राहिले. ते मुलाला म्हणाले, “हात पुढे कर. यांना आपण पवार हवे आहेत.” ललितनं हात पुढे केला. वैशाखात राखी कुठून मिळणार? पुष्पानं देवघरातला लाल नाडा आणून बांधला. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

दोन वर्षांनी आबांची बदली जामनेरला झाली.

तिथल्या पहिल्याच आठवड्यात गाडी डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला वळली आणि बाभळीखाली एक पाटी आली: करंजवाडे. आबांना वाटलं, पाटी रंगवणारा चुकला. एक म्हातारी चढली. त्यांनी सवयीनं विचारलं. म्हातारी म्हणाली, बठ्ठं गाव साळुंखेसनं. गिरधर मास्तर तिचा पुतण्या. त्याच्या मुलाचं पुढच्या महिन्यात लग्न, त्याच्याच बांगड्या भरायला ती जामनेरला निघालेली. आबांनी तिला भलत्याच स्टॉपचं तिकीट फाडून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते कमरेला खोचलं.

म्हणजे आबांच्या हातात एक महिना होता. पुष्पा तेव्हा तेवीस वर्षांची, मधे आलेली दोन स्थळं तिनं स्वतः परत पाठवलेली. आबा दर आठवड्याला आमोदऱ्यात येत, तिच्या दारावरून जात, आणि उद्या बोलू म्हणत. महिना सरला. जामनेरला बँड वाजला तेव्हा ते स्टँडवर होते. वरात समोरून गेली. त्यानंतर त्यांनी स्वतःला समजावलं की आता सांगणं म्हणजे एका पोरीवर दुष्टपणा. ते पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं.

आणि दर श्रावणात पुष्पा फाट्यावर उभी राहायची. आबा सुट्टी संपवून निघाले की त्यांच्या हातात पांढरा लिफाफा द्यायची. वर तिच्या नेटक्या अक्षरात ‘श्री. ललित गिरधर पाटील’. टपालाचा भरवसा नाही, आबा जाताहेतच, म्हणून. आबा तो लिफाफा सदऱ्याच्या आत ठेवत, पेटीत नाही. जामनेरला ललितनं शेतीच्या औषधांचं दुकान टाकलं होतं. तो हात पुसून लिफाफा घ्यायचा, उघडायचा नाही, पुष्पाअक्कांना नमस्कार सांगा म्हणायचा. आबा निवृत्त होईपर्यंत हे बारा वर्षं चाललं. बारा लिफाफे. पुढचे टपालानं गेले.

पुष्पाबाई आता अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहेत. भावाकडे राहतात, गावातली अंगणवाडी चालवतात. त्यांच्या भावाची, प्रेमराजची, मुलगी नूतन जळगावला फार्मसी शिकली. तिच्या वर्गाच्या हजेरीत अकरा पाटील होते. तिच्या पुढचाच नंबर भूषणचा. तीन वर्षं शेजारी बसल्यावर त्यांनी एकमेकांना घरचं विचारलं, आणि भूषण ललितचा मुलगा निघाला.

नूतननं घरी सांगितलं त्या दिवशी प्रेमराज जेवला नाही. पोरगा चांगला, घर चांगलं, सगळं मान्य. पण ज्याच्या बापाला आपली बहीण सत्तावीस वर्षं राखी पाठवते त्या घरात पोरगी द्यायची कशी? लोक विचारतील की मग बहिणीला का नाही दिली. भूषण आपलं कुळ साळुंखे सांगतो, हेही नूतननं सांगितलं. त्याच्या आजोबांनीही तेच सांगितलं होतं, प्रेमराज म्हणाला. शेवटी त्यानं एक वाट ठेवली. ज्यांनी तो शब्द काढला होता त्या रुपचंद आबांनी सगळ्यांसमोर तो मागे घेतला तर सुपारी फोडू. नाहीतर वरणगावचं स्थळ आलेलं आहे, तिकडे होकार जाईल. रविवारी सकाळी बसायचं ठरलं.

शुक्रवारी नूतन आबांकडे आली. आबा अंगणात तूर पाखडत होते. तिनं मोबाईल पुढे धरला. नकाशावर दोन लाल ठिपके होते आणि दोन्हींखाली एकच नाव.

“दोन आहेत, आबा. तुम्हाला एकच माहीत होतं, तुमचा काय दोष? तुम्ही म्हणा, मला आत्ता कळलं. एवढंच म्हणा.”

तिच्या आवाजात आर्जव होतं आणि शंका नव्हती. आबांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुसऱ्या ठिपक्यापाशी रस्ता कुठे वळतो, बाभूळ कुठे आहे, पावसात चाक कुठे रुततं, हे त्यांना पाठ होतं. तिनं दिलेलं वाक्य त्यांच्यासमोर पडलं होतं. ते उचललं की तिचं लग्न होणार होतं, त्यांची जागाही राहणार होती. त्यांनी मोबाईल परत दिला. सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागले. नूतन उत्तर न घेता गेली.

रविवारी तोच ओटा होता. फरशी नवी, खुर्च्या प्लास्टिकच्या. वीसेक माणसं जमली होती. मधोमध अमृत नाना, भाऊबंदात सगळ्यांत वडील, ज्यांनी त्या वेळी राखीची तोड काढली होती. पुष्पाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, हातात चहाचं रिकामं ताट. नूतन आत, पण दिसेल अशी. आबा आले. खुर्ची पुढे केली तरी ते खांबाशी खाली बसले.

नाना म्हणाले की जुनं उकरायला कुणी बसलेलं नाही, एकच गोष्ट विचारायची आहे. करंजवाड्याचे पाटील कोण?

बाहेर एक ट्रॅक्टर आला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन संपला. कुणीतरी खाकरलं. प्रेमराज आपल्या नखांकडे बघत होता. आबांचा उजवा अंगठा तर्जनीवर दाबला जात होता, सुटत होता, पंच हातात असल्यासारखा.

“करंजवाडे दोन शेतस,” ते म्हणाले. “आपलाकडलं पवारसनं. जामनेरकडलं साळुंखेसनं. गिरधर गुरुजी खरं सांगत व्हता. चूक मनी शे.”

मग ओट्यावरचा श्वास सुटला. नूतननं मोबाईल बापाच्या हातात दिला, तो हातोहात फिरला. कुणी ठिपके बोटांनी मोठे करून पाहिले. गुरुजी हे ऐकायला राहिले नाहीत, असं एकानं हळहळून म्हटलं. दुसरा म्हणाला की कंडक्टरनं पुरं गाव भलत्या स्टॉपवर उतरवलं. लोक हसले. आबांवर कुणी चिडलं नाही. उलट त्यांच्या वतीनं बोलायला लागले. तेव्हा कुठे होते मोबाईल. चाळीस गावं डोक्यात ठेवायची तर एखादं निसटणारच. आज कळल्याबरोबर माणूस सगळ्यांसमोर कबूल करतो, ही केवढी गोष्ट. नूतननं आबांना दिलेलं वाक्य आता वीस तोंडांतून येत होतं. आबांनी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

अमृत नानांनी हात वर केला. कुळाचं सुटलं, ते म्हणाले, पण राखी तर बांधली गेलीच. मानलेला असला तरी भाऊ तो भाऊच. त्याच्या घरात भाची द्यायची का, ते तिनं सांगावं जिनं बांधली.

सगळे दाराकडे वळले. पुष्पाबाईंनी ताट चौकटीपाशी खाली ठेवलं, आवाज न करता.

“नाना, तो नाडा तुम्ही बांधायला लावला. पुढच्या राख्या मी पाठवल्या. त्या मी सोडल्या,” त्या म्हणाल्या. “दादा, सुपारी फोड.”

प्रेमराजनं बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली, आणि त्या मान खाली घालण्यातच होकार झाला. नूतन आतून धावत येऊन आत्याच्या दंडाला धरून उभी राहिली. कुणीतरी गूळ आणायला सांगितलं. खुर्च्या सरकू लागल्या.

पुष्पाबाई मात्र तिथेच उभ्या होत्या. काही तरी मनात मोजत असाव्यात तशा त्या खांबाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नूतनचा हात दंडावरून काढला.

“आबा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जामनेरच्या गाडीवर बारा वर्षं होतात.”

गूळ आणायला निघालेला माणूस पायरीवर थांबला. नूतननं आबांकडे पाहिलं. शुक्रवारी तिला जे दिसलं नव्हतं ते आता तिला दिसत होतं.

“तुम्हाला कधी कळलं?”

आवाज वाढला नव्हता. अंगणवाडीत एखाद्या मुलाला पाटीवर काय काढलंय विचारतात, तसा तो प्रश्न होता. आबांनी मान वर केली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पुष्पाबाईंच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, आणि तिथे त्यांना आपल्या उत्तराची गरज दिसली नाही. फक्त ते द्यायचं की नाही एवढंच त्यांच्यावर सोडलेलं होतं. त्यांचे ओठ उघडले. अंगठा तर्जनीवर दाबलेला तसाच राहिला.

खांबाला धरून ते उठले. टोपी जमिनीवर राहिली होती, ती कुणीतरी उचलून पुढे केली. त्यांनी घेतली पण डोक्यावर ठेवली नाही. पायरीवरच्या माणसानं बाजूला होऊन वाट दिली. खाली चपलांचा ढीग होता, त्यात आपली जोडी शोधायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ ओट्यावर कुणी हललं नाही. मग चपला सापडल्या. आबांनी त्या पायात घातल्या आणि उन्हातून, फाट्याच्या रस्त्यानं, एक शब्द न बोलता निघून गेले.